हात कारखान्यात

"आत्या, डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं बघायचं," म्हणत भाच्यानं कंट्रोलर माझ्या हातात दिला. माझं वय 56. आजवर एकही गेम खेळले नव्हते. चालायला गेले की मान आभाळाकडे वळायची, समोर बघायला गेले की पाय झाडाला अडायचे. मारायचं कुणाला, गुण कुठं दिसतात, सगळं विचारून झालं. "इथं हारजीत नाही," तो म्हणाला. "घरात फिरायचं आणि ऐकायचं."

गेमचं नाव 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच'. जायंट स्पॅरो या अमेरिकेतल्या छोट्या चमूनं 2017 मध्ये आणला, पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम गेमचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. दोन-अडीच तासांचा खेळ. सुरुवातीलाच प्रकाशकांचं नाव झळकलं, अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्ह. आईनं माहेराहून आणलेली अन्नपूर्णा आमच्या देव्हाऱ्यात अजून आहे. त्या नावानं मला जरा धीर आला.

17 वर्षांची ईडिथ वॉशिंग्टन राज्यातल्या एका बेटावरच्या आपल्या जुन्या घरी येते. घरातलं एकेक माणूस अकाली गेलेलं. आईनं त्यांच्या खोल्या कायमच्या बंद केलेल्या, पणजीनं त्याच दारांना डोकावायला भोकं पाडलेली. आपण चोरवाटेनं आत शिरायचं, गेलेल्याची वही नाहीतर पत्र उघडायचं, की त्याचा शेवट आपल्या हातून घडू लागतो. झोक्यावरच्या पोराचे पाय आपल्या अंगठ्यांत येतात. दर खोलीत बटणांचं काम बदलतं. म्हणजे आत्ता कुठं जमलं म्हणेपर्यंत मी पुन्हा अडाणी. हे मला फार खटकत होतं, ईडिथच्या भावाच्या, लुईसच्या खोलीत पोचेपर्यंत.

लुईस मासळीच्या कारखान्यात कामाला. उजव्या अंगठ्यानं मासा उचलायचा, पात्याखाली धरायचा, पुढं टाकायचा. मग दुसरा मासा. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं राज्य उगवतं, त्यात डाव्या अंगठ्यानं लुईसला चालवायचं. ते राज्य वाढत वाढत सगळा पडदा व्यापतं. मासे दिसेनासे होतात, पण उजवा हात थांबत नाही.

माझाही थांबला नाही. आणि मला दादा दिसला, माझा भाऊ, या भाच्याचा बाप.

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये प्रवरानगरला, आमच्या नगर जिल्ह्यातच सुरू झाला. पुढं इथं कारखाने वाढले, तसे घरोघरचे पुरुष हंगामाच्या पाळ्यांना जुंपले गेले. दादा साखरेची पोती शिवायचा. पन्नास किलोचं पोतं सरकत यायचं, तोंड चिमटीत धरायचं, मशीनखाली द्यायचं, पुढं ढकलायचं. मग दुसरं. तो भजनात पखवाज वाजवायचा. म्हणायचा, "हात कारखान्यात असतात गं, मी नेवाशाच्या पैस खांबापासून निघून पंढरपूरला चाललेला असतो." ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो हा खांब; तिथली एकादशी दादा चुकवत नसे. त्याचं बोलणं मी थकलेल्या माणसाचा विरंगुळा समजले होते. तीन वर्षांमागं तो हृदयविकारानं गेला, तोवर तसंच समजत होते. एका हातानं पोतं आणि दुसऱ्यानं वाट, दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे मला माझ्या अंगठ्यांनी शिकवलं. सांगून ते कळलं नसतं.

मी कंट्रोलर खाली ठेवला. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हॉस्टेलवर मी हे एकट्यानं खेळलो होतो. इथंच थांबलो. पुढं जाववेना." म्हणून तो गेम घेऊन माझ्याकडे आला होता. उरलेला भाग आम्ही दोघांनी मिळून संपवला. डावा अंगठा त्याचा, उजवा माझा.

लुईसची गोष्ट आत्महत्येवर संपते, हे खेळण्याआधीच सांगून ठेवते. घरचं माणूस नुकतंच गेलं असेल, तर हा गेम एकट्यानं खेळू नका. त्या माणसाला ओळखणारं कुणीतरी शेजारी बसवा.