घर नाक्यावर बंद पडतं तेव्हा...

कॅम्परव्हॅन घेणं एकदम कूल. ती चालती ठेवणं म्हणजे काय, ते मात्र आम्हाला कनेरगाव नाक्यावर कळलं.

तुमच्या ऑफिसमध्ये असा एक तरी जण असणारच, जो दर सोमवारी सकाळी नोकरी सोडतो आणि व्हॅनमध्ये राहायला निघून जातो. अर्थात, तोंडानं! संध्याकाळपर्यंत तो पुन्हा एक्सेल शीटमध्ये असतो. आमच्या घरात असे दोन होते, मी आणि माझा नवरा. फरक एवढाच, की गेल्या दिवाळीत आम्ही खरंच व्हॅन घेतली.

शाळेची जुनी व्हॅन, सेकंडहँड. फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेल्या पैशांतले साडेसहा लाख तिच्यात आणि तिच्या फर्निचरमध्ये गेले. बेड, छोटा ओटा, फ्रिज, पंखा, साठ लिटरची पाण्याची टाकी, पाच किलोचा गॅस आणि हो, फेअरी लाइट्स! सासूबाईंनी सगळं नीट बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘लोक घर घेतात गं. घराला चाकं कुणी लावतं का?’’

फोटो टाकले, लाइक्स आले. फेब्रुवारीत चार दिवसांची सुट्टी जुळवली आणि पुण्याहून निघालो. जालन्याला समृद्धी महामार्ग धरला, मेहकरला उतरलो आणि एक रात्र लोणार सरोवराजवळ काढली. दुसऱ्या दिवशी मालेगाव, वाशिम करत हिंगोलीकडे निघालो. पुढे औंढा नागनाथ. अंधार पडायला आला तेव्हा आम्ही कनेरगाव नाक्यावर होतो. रात्री व्हॅन चालवायची नाही, हा आमचा नियम. एका ढाब्यावर जेवलो आणि मालकांना विचारलं, मागं गाडी लावून झोपलो तर चालेल का?

‘‘लावा की. दोन ट्रक पण हाईत मागं. भ्यायचं काम नाही,’’ ते म्हणाले.

फ्रिजची घरघर ऐकत मस्त झोप लागली. सकाळी चहा झाला, नवऱ्यानं किल्ली फिरवली आणि आवाज आला... टक्. बस. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्.

‘हे कोणं केलं?’

बॅटरी उतरली असणार, त्यात काय मोठं? ढाब्यावरच्या पोऱ्यानं नाक्यावरून एका मिस्त्रीकाकांना आणलं. सेल्फ-डायनामोची कामं करणारे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. बॉनेट उघडलं, मीटर लावला. मग विचारलं, ‘‘दुसरी बॅटरी कुठंय?’’ ती बेडखाली होती. गादी उचलली, फळी काढली. काकांनी टॉर्च मारला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

‘‘ताई, हे वायरिंग कोणं केलं?’’

इंजिनच्या बॅटरीपासून बेडखालच्या बॅटरीपर्यंत आलेली वायर एका ठिकाणी वितळली होती. वरचं प्लॅस्टिक काळं पडून फळीला चिकटलं होतं. तिथून दोन हातांवर आमचा गॅस सिलिंडर. आणि त्या फळीवर आम्ही दोन रात्री झोपलो होतो!

काकांनी चहाच्या पुड्याच्या खोक्यावर पेनानं आकृती काढून समजावलं. इंजिनची बॅटरी पैलवानासारखी असते. सेल्फ मारताना काही सेकंद सगळा जोर लावायचा आणि मग गाडी चालताना भरून निघायचं. रात्रभर फ्रिज ओढत बसणं हे तिचं काम नाही. त्यासाठी वेगळी बॅटरी लागते, घरच्या इन्व्हर्टरला असते तशी, हळूहळू उतरणारी. दोघींच्या मध्ये रिले पाहिजे. इंजिन चालू असलं की दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, म्हणजे दोन्ही भरतात. इंजिन बंद झालं की तोडायच्या. आमच्याकडे दोन बॅटऱ्या होत्या, पण रिले नव्हता. रात्रीतून दोन्ही एकदमच रिकाम्या झाल्या होत्या.

पण उतरलेली बॅटरी हे त्यातलं छोटं दुखणं. रिकाम्या बॅटरीला भरताना इंजिनकडून जोरदार करंट येतो. त्याला जाड केबल लागते. आमची होती घरातल्या ट्यूबलाइटला लावतात तसली. आणि फ्यूज? एकही नाही! वायर दुखावली तर करंट तोडणारं मध्ये काहीच नव्हतं.

‘‘बंद पडली ते बरं झालं,’’ काका म्हणाले. ‘‘तुमचं नशीब चांगलं.’’

मी काही बोलले नाही. ज्या वर्कशॉपनं हे केलं होतं, तिथं आम्ही पाच वेळा चकरा मारल्या होत्या. दर वेळी चर्चा काय? पडद्यांचा रंग, ओट्याचं लॅमिनेट, लाइट्स कुठे लावायचे! वायर किती जाडीची, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. नवरा हळूच म्हणाला, ‘‘विकून टाकू या हिला.’’ आणि खरं सांगू, त्या क्षणी मलाही तेच वाटत होतं.

हद्दीवरचे चार तास

रिले आणि जाड केबल हिंगोलीहून येणार होती, ओळखीच्या काळी-पिवळीवाल्याबरोबर. म्हणजे चार तास नाक्यावर. तुम्ही कधी कुठल्या नाक्यावर चार तास काढलेत? आपण ‘फास्ट’ माणसं, नाका म्हणजे आपल्याला गाडीच्या काचेतून दिसणारी चहाची टपरी.

हा नाका मात्र नुसता फाटा नाही. पैनगंगेच्या एका अंगाला वाशिम, म्हणजे वऱ्हाड. दुसऱ्या अंगाला हिंगोली, म्हणजे मराठवाडा. सप्टेंबर १९४८ पर्यंत इकडे निजामाचं राज्य होतं, तर पलीकडे ब्रिटिशांच्या कारभाराखालचं वऱ्हाड स्वतंत्र भारतात आलं होतं. आज फक्त जिल्हा बदलतो. तेही नवेच जिल्हे. वाशिम १९९८ चा, हिंगोली १९९९ चा. गावाला रेल्वे स्टेशनही आहे, अकोला ते पूर्णा मार्गावरचं. आधी इथे मीटरगेज होती, २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली. फेब्रुवारी म्हणजे हळदीचा हंगाम, त्यामुळे पोत्यांनी भरलेले टेम्पो सारखे जात होते.

ढाब्यामागच्या दोन ट्रकपैकी एकाचा ड्रायव्हर निघायच्या तयारीत होता. हातात लोखंडी टॉमी. एकेका टायरवर ठोकत, कान देऊन तो ट्रकभोवती फिरला. टायरमध्ये हवा पुरेशी असेल तर टणक आवाज येतो, कमी असेल तर बद्द. मग त्यानं ऑइल बघितलं, पाणी बघितलं आणि केबिनमधला स्टोव्ह दोरीनं बांधला आहे ना ते हलवून पाहिलं. मी डोकावले. गादी, पाण्याचा कॅन, आरसा, देवाचा फोटो, डबे. प्रत्येक वस्तू बांधलेली. आमच्या साडेसहा लाखांच्या व्हॅनमध्ये वळणावर मिक्सरचं भांडं खाली येतं!

मग लक्षात आलं, चाकांवरचं घर ही काही आपली नवी आयडिया नाही. इथून जवळच नर्सी आहे, संत नामदेवांचं गाव. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर जाणारा ट्रक म्हणजे तरी काय? तंबू, शिधा, भांडी, पाणी, सगळा संसार चाकांवर. फक्त ही माणसं त्याला लाइफस्टाइल म्हणत नाहीत. ती रोज सकाळी टायर वाजवून बघतात.

जाता जाता त्या ड्रायव्हरनं आमचेही टायर वाजवले आणि एकावर बोट ठेवलं. त्यावर चार आकडे होते, १२१६. म्हणजे २०१६ चा बारावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण रबर म्हातारं. ‘‘उन्हाळ्यात हा फुटंल,’’ तो शांतपणे म्हणाला.

दुपारी दीडला केबल आली. काकांनी वायर बदलली, रिले बसवला, दोन्ही बॅटऱ्यांजवळ फ्यूज लावले आणि ढाब्यावरच्या एका ट्रकवरून जंप देऊन इंजिन सुरू केलं. सामान आणि मजुरी मिळून बिल अठ्ठावीसशे रुपये. त्यांनी ते चहाच्या खोक्याचं पुठ्ठंही दिलं. आता ते आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं आहे. संध्याकाळी आम्ही औंढ्याला पोचलो. मंदिराच्या पायरीवर बसून हिशेब केला, पण विकण्याचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

पुण्याला आल्यावर राहिलेलं वायरिंग पुन्हा करून घेतलं आणि चारही टायर बदलले. आता दर रविवारी व्हॅन वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणतो. वहीत बॅटरीचे व्होल्ट लिहितो. फेअरी लाइट्स आहेत, पण त्यांची वायर कुठून जाते ते दोघांनाही पाठ आहे!

परवा सासूबाईंना विचारलं, ‘‘येताय का आमच्याबरोबर?’’ त्या म्हणाल्या, ‘‘आधी फ्यूज कुठे आहे ते दाखव.’’

व्हॅन घेताय? मग हे वाचाच

आधी भाड्यानं : महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. भाड्याच्या कॅराव्हॅनमध्ये दोन रात्री काढा. नंतरच पैशांचं बघा.

कागद : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेला धक्का लावणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. पिवळ्या पाटीची गाडी असेल तर ती खासगी करून घ्यावी लागते. बदल आरसीवर नोंदवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण होईल.

बॅटरीचं गणित : १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, म्हणजे हातात ६००. पन्नास वॅटचा फ्रिज दिवसातला निम्मा वेळ चालला तरी ते संपतात. पंख्यासाठी सोलर पॅनेलचा विचार करा.

गॅस : एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, बाहेर उघडणारी जाळी हवीच. सिलिंडर उभा आणि बांधलेला ठेवा. गाडी चालताना रेग्युलेटर बंद.

वजन : साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. माणसं, सामान, फर्निचर मिळून गाडीच्या क्षमतेत बसतं का, ते वजनकाट्यावर बघा.

पावसाळा : उभ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात आणि गादीला बुरशी येते. टाकी रिकामी करा, गादी उभी ठेवा, आठवड्यातून एकदा गाडी फिरवा.

आणि हो, वर्कशॉपमध्ये गेलात की पडद्यांच्या आधी वायरबद्दल विचारा.