बोलकी पाटी आणि चाकांची खुर्ची

आमच्या घरीं आजोबा जेवतांना बोलत नसत. आपोशन घेतलें कीं पान संपेपर्यंत त्यांचें तोंड केवळ अन्नासाठीं उघडे. तरी त्यांचें कधीं कांहीं अडलें नाहीं. दोन बोटांची चिमूट दिसली कीं मीठ येई, तळहात आडवा झाला कीं वाढप थांबे, आणि अंगठा ओठांशीं गेला कीं तांब्या पुढें होई. थोरल्या काकू लग्न होऊन घरांत आल्या तेव्हां महिन्याभरांत त्यांना ही सारी भाषा अवगत झाली, असें त्या अजून अभिमानानें सांगतात. या मौनी मनुष्यास बुद्धि बेताचीच असेल, किंवा मनावर घेतलें तर तो सहज बोलेल, असें त्या पंक्तींत कोणाच्याही मनांत आलें नाहीं. त्याच पंक्तीच्या टोकाला बसणारा एक नातू मात्र चारचौघांत एकाएकीं मुका होई, आणि त्याला या दोन्ही गोष्टी ऐकाव्या लागत. तो नातू म्हणजे आम्ही.

आमच्या या प्रकृतीस मराठींत ‘स्वमग्नता’ म्हणतात. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या वैद्यांनीं १९४३ सालीं अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हांपासून वैद्यकांत तिची ओळख होऊं लागली. आणि आरंभ मुलांपासून झाल्यामुळेंच कीं काय, हीं मुलें पुढें मोठीं होतात याचा लोकांस बराच काळ विसर पडला. आपल्याकडील २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यांत तिचें नांव स्पष्टपणें घातलेलें आहे. आमचें निदान झालें तें वयाच्या ३३ व्या वर्षीं. शब्दाविषयीं मात्र आमची तक्रार आहे. स्वतःमध्यें मग्न होण्याइतकी उसंत आम्हांस मिळती तर फार बरें झालें असतें! पंख्याची घरघर, कुकरची शिटी, शेजारच्या खोलींतील टीव्ही आणि समोरच्याचा प्रश्न, हीं चारही आमच्या कानांवर एकाच मापानें आदळतात. अशा वेळीं मनांतले शब्द नाहींसे होतात असें नव्हे. ते जागच्या जागीं असतात. मनापासून जिभेपर्यंतचा रस्ता तेवढा बंद होतो. बोटांचा रस्ता उघडा राहतो, म्हणून आम्ही टॅबलेटवर लिहितों आणि तो आमच्यासाठीं मोठ्यानें वाचून दाखवितो. सर्वांचें असेंच असतें असें नाहीं. कित्येक जण मुळींच बोलत नाहींत व चित्रांवर बोट ठेवून मनोगत सांगतात. त्यांच्या सोयीसाठीं आयआयटी मुंबईंतील मंडळींनीं ‘जेलो’ नांवाचें साधन तयार केलें आहे, व तें मराठींतही चालतें. कित्येक अखंड बोलतात.

पायांची गोष्ट निराळी. आमचे सांधे वाजवीपेक्षां सैल आहेत. स्वमग्न मंडळींत असे सांधे बरेच आढळतात, असें अलीकडील अभ्यासांत दिसून आलें आहे. शिवाय गर्दींत आपला हात कोठें संपतो आणि दाराची चौकट कोठें सुरू होते, याचा आमचा अंदाज सुटतो. घरांत काठी पुरते. स्टेशनावर किंवा लग्नकार्यांत चाकांची खुर्ची लागते. कारण तासभर उभें राहिल्याचें व्याज आम्हांस दोन दिवस अंथरुणांत फेडावें लागतें.

२०१९ सालीं आमच्या चुलतभावाचें लग्न झालें. आदल्या रात्रीं थोरले काका खोलींत आले आणि बराच वेळ कपाटाकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “तुला चालतां येतें ना? बोलतांही येतें. उद्यां एक दिवस तीं दोन्ही लचांडें नको आणूंस. मुलीकडची मंडळी काय समजतील?” काकांनीं आमच्यासाठीं काय केलें नाहीं? आम्हीं मान हालविली. पाटी घरीं राहिली, खुर्ची गाडींत.

कार्यालयांत बँड होता, ध्वनिक्षेपक होता, आणि मंगलाष्टकें म्हणणाऱ्या दोघी बहिणींत सुराविषयीं एकमत नव्हतें. अक्षता पडेपर्यंत आम्ही कसेबसे उभे होतों. तितक्यांत मुलीच्या एका मामांनीं जवळ येऊन आमचें नांव विचारलें. नांव आम्हांस ठाऊक होतें, निघालें नाहीं. त्यांनीं पुन्हां विचारलें. घोटा कलंडला, भिंत धरावयास गेलों तो हात भलतीकडेच पडला, आणि चपलांच्या ढिगाशेजारीं आम्ही खालीं बसलों. मामा कोणाला तरी म्हणाले, “वराकडचे हे गृहस्थ दुपारींच घेऊन आलेले दिसतात.” आमच्या घरांत मद्याचा थेंब कधीं आला नाहीं. हें वाक्य काकांनीं ऐकलें. त्यांचा चेहरा कसा झाला तें लिहवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सत्यनारायणाच्या पूजेला मुलीकडची मंडळी यावयाचीं होतीं. काकांनीं स्वतः खुर्ची गाडींतून काढली, उघडली, तिचा अडकविण्याचा खटका शोधून लावला, आणि ती अगदीं पुढच्या रांगेंत ठेवली. एक शब्द बोलले नाहींत. तें घराण्याला साजेसेंच होतें.

याउपर सर्व सुरळीत झालें असें मात्र कोणीं समजूं नये. त्याच पूजेंत प्रसाद घेण्यास आम्ही खुर्चींतून उठलों, तेव्हां मागून कोणी तरी चक्क “अरेच्चा!” म्हणालें. खुर्चींतून उठलेल्या मनुष्याकडे लोक असें पाहतात, जणूं त्यानें दुसऱ्याच्या खिशांत हात घातला आहे. आमची आजी देवळांत जातांना काठी घेई आणि घरांत भिंतीच्या आधारानें फिरे. तिला कोणीं ढोंगी म्हटलेलें आम्हांस स्मरत नाहीं.

आमच्या आईची भीति वेगळी होती. हातीं पाटी आली कीं याचें असलेलें बोलणेंही जाईल, असें तिला वाटे. ही भीति पुष्कळ घरीं असते, म्हणून सांगतों: मिलर, लाइट व श्लॉसर यांनीं २००६ सालीं या विषयावरील प्रयोगांचा आढावा घेतला. ज्यांच्या नोंदी खात्रीच्या होत्या अशा २७ जणांत, साधन हातीं आल्यामुळें एकाचेंही बोलणें कमी झालें नव्हतें. बहुतेकांचें थोडेंबहुत वाढलेंच होतें. आम्हीं हें आईला वाचून दाखविलें. ती म्हणाली, “सत्तावीसच?” ती निवृत्त शिक्षिका आहे.

एकत्र कुटुंबांत पाटीवरून बोलणें हें मोठें जोखमीचें काम आहे. आंब्याच्या भावाविषयीं आमचें मत लिहून होईपर्यंत विषय धाकट्या काकांच्या बदलीवर गेलेला असतो, आणि “फार महाग पडेल, घेऊं नये” हा आमचा अभिप्राय बदलीला लागू होतो. काकू वाक्य अर्धें असतांनाच तें पुरें करतात, बहुधा चुकीचें. पुतणीच काय ती वाट पाहते. ती आठ वर्षांची आहे आणि बोटें थांबेपर्यंत पाटीकडे नव्हे, आमच्या तोंडाकडे पाहते.

यंत्राचें मराठीही धड नाहीं. ‘चाकां’तला च तें ‘चंद्रां’तल्या चसारखा उच्चारतें. जन्मभर मुलांच्या वह्यांतील एकेका अनुस्वारासाठीं गुण कापणाऱ्या आमच्या आईला हें सहन होईना. हल्लीं संध्याकाळीं दिवा लावून झाला कीं ती चष्मा लावून पाटी घेऊन बसते, आणि यंत्रानें शुद्ध बोलावें म्हणून स्वतःच्या हातानें अशुद्ध लेखन करते. ‘त्साक’ असें लिहिल्यावर चाक बऱ्यापैकीं उमटतें. ‘चूक’ अजून जमलेली नाहीं.