दार वाजते आहे

संगीतावर लिहायचे तर एखाद्या मैफलीपासून सुरुवात करावी, असा संकेत आहे. आम्हांला मात्र पुण्याच्या नाना पेठेतल्या एका मोटार-सामानाच्या दुकानापासून सुरुवात करावी लागते आहे. दुकान दहा फूट रुंद. बाहेर पदपथावर एका गाडीचे दार सोलून ठेवलेले, आत भिंतभर स्पीकर. त्यांच्यामधून वाट काढत एक विशीतला फिटर आमच्यासमोर आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला, "सर, बेस पाहिजे का क्लिअर पाहिजे?"

आम्ही मराठीचे अध्यापक आहोत. 'रस म्हणजे काय' या प्रश्नावर आम्ही तासभर बोलू शकतो. या प्रश्नापुढे आमची वाचा बसली. दोन्हींत चांगले काय, असे विचारल्यावर तो म्हणाला, "लोकं बेसच घेतात." साहित्याच्या क्षेत्रात लोक जे घेतात त्याविषयी आम्ही आयुष्यभर नाके मुरडत आलो, इथे मात्र निमूटपणे लोकांच्या मागे गेलो आणि ४,२०० रुपयांची एक बेस ट्यूब डिकीत बसवून घेतली. एकूण खर्चाची मर्यादा १०,००० रुपये होती आणि ती आमच्या पत्नीने घालून दिलेली होती.

गाडी २०१२ची, आमच्याकडे आली तेव्हाच दुसऱ्या हाताची. तिच्यातला प्लेअर पेन ड्राइव्ह वाचू शके आणि एफएम लावू शके. पण दारांतल्या स्पीकरचे कागदी शंकू कडेने फाटलेले होते. कोणीही गायले तरी घशात खडे भरून गात आहे असे वाटावे. एकट्याने जाता-येता आम्हांला त्याचे काही नव्हते. परंतु गेल्या वर्षापासून दर दुसऱ्या शनिवारी आम्ही वाईजवळच्या आमच्या गावी जातो आणि अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, तपासणीसाठी पुण्याला घेऊन येतो. जाताना एकटे, येताना दोघे. सुमारे नव्वद किलोमीटरांचा तो परतीचा रस्ता आम्हांला फार लांब वाटू लागला होता.

अण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत. छत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. आणि विज्ञानाचे शिक्षक असूनही उच्चारांच्या बाबतीत घरात त्यांचाच दरारा. 'श' आणि 'ष' यांतला भेद दाखवण्यासाठी त्यांनी आमची जीभ चमच्याच्या दांड्याने टाळूकडे उचलल्याचे आम्हांला आठवते. आता त्यांना कमी ऐकू येते. यंत्र आहे, ते टेबलाच्या खणात असते. समोरच्याचे वाक्य संपले की ते "हं" म्हणतात. हा हुंकार इतका समजूतदार असतो की त्यांना काहीच कळलेले नाही हे आमच्या लक्षात यायला बरेच महिने लागले. डॉक्टरांनी "सकाळी सहाला" म्हणून सांगितलेली गोळी ते दहाला घेत होते, हे उघड झाले तेव्हा लक्षात आले. गाडीत तर बोलणे जवळजवळ थांबलेच होते. आम्ही ओरडून बोलायचो, ते "हं" म्हणायचे आणि मग सुरूर फाट्यापासून कात्रजच्या बोगद्यापर्यंत दोघेही समोर बघत बसायचो. अण्णांना हिराबाई बडोदेकर फार प्रिय. त्यांच्या जुन्या कॅसेटी एका विद्यार्थ्याकडून पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. बोलणे जमत नाही तर निदान गाणे तरी ऐकवावे, एवढाच या सगळ्या उपद्व्यापामागचा हेतू होता.

ट्यूब बसवल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी हिराबाई लावल्या. तबल्याचा डग्गा डिकीतून असा काही घुमू लागला की मागून कोणी गाडीला धक्के देत आहे असे वाटावे. अण्णांनी पाच मिनिटे सहन केले. मग म्हणाले, "अरे, हे धाडधाड काय लावलंयस? बाई कुठे आहेत यात?"

अण्णांचा प्रश्न शास्त्रशुद्ध होता, हे नंतर कळले. कानाच्या डॉक्टरांनी पूर्वी दिलेला एक आलेख आमच्याकडे पडून होता. तो आम्ही प्रथमच नीट पाहिला. डावीकडे, म्हणजे खालच्या स्वरांकडे, रेषा बऱ्यापैकी वर होती. दोन हजार हर्ट्झच्या पुढे ती घाट उतरावा तशी खाली गेली होती. वार्धक्यात कानाची झीज बहुधा अशीच वरून सुरू होते. आता आपल्या भाषेत स्वरांचे बळ खालच्या पट्ट्यात असते, आणि 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांचे वरच्या. म्हणून अशा माणसाला 'आवाज येतो, शब्द कळत नाहीत'. त्याला स्वर उरतात आणि व्यंजने गळतात. त्यात भर अशी की खालचा दणदणीत नाद वरच्या नाजूक नादांना झाकून टाकतो. म्हणजे अण्णांना जे थोडेसे ऐकू येत होते, त्यावर आम्ही ४,२०० रुपये खर्चून पांघरूण घातले होते.

ट्यूब परत दिली. दुकानदाराने २,५०० रुपये हातावर ठेवले. उरलेल्या सतराशे रुपयांची नोंद आम्ही घरच्या हिशेबात 'किरकोळ' या सदरात केली, आणि ती तेथे फार काळ सुरक्षित राहिली नाही.

यानंतर आम्ही नवशिक्याच्या उत्साहाने या विषयाचे वाचन सुरू केले. पहिला धडा आकड्यांवर विश्वास न ठेवण्याचा. आमच्या प्लेअरवर '५० वॉट गुणिले ४' असे ठसठशीत छापले आहे. पण गाडी चालू असताना विजेचा दाब असतो चौदा व्होल्टच्या आसपास, आणि स्पीकरचा रोध चार ओहम. यातून साध्या गणिताने एका वाहिनीला सलग आणि स्वच्छ अशी पंचविसेक वॉटहून अधिक शक्ती निघूच शकत नाही. प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळते. पन्नास हा आकडा क्षणिक उसळीचा. आमच्या तरुणपणी टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून हजारांतले आकडे छापलेले असत, त्यांचाच हा जरा लाजाळू वंशज. पुस्तकांच्या मलपृष्ठांवरील मजकूर वाचण्याची सवय असलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये. तात्पर्य, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेणार नसू तर त्या थोड्या शक्तीत नीट वाजतील असे स्पीकर हवे होते.

दुसरा प्रश्न, ट्वीटर वेगळा असलेला कंपोनंट संच घ्यावा की शंकूच्या मध्यभागीच ट्वीटर बसवलेला कोअ‍ॅक्सिअल. पहिला अधिक चांगला, हे सर्वमान्य. पण त्याला जागा शोधा, क्रॉसओव्हर बसवा, शिवाय किंमत. आम्ही पुढच्या दोन दारांसाठी साडेसहा इंची कोअ‍ॅक्सिअलची एक जोडी २,८०० रुपयांना घेतली आणि मूळ तारा कापाव्या लागू नयेत म्हणून ३५० रुपयांचे कपलर. मागच्या दारांचा विचारच केला नाही. मागे कोणी बसत नाही.

दिवाळीच्या सुटीत ही जोडी आम्ही गावी, अण्णांच्या अंगणात, स्वहस्ते बसवली. दाराचे आतले आवरण काढताना तीन क्लिपा तुटल्या, त्याचे वर्णन करत नाही. आवरणे बाजूला ठेवून स्पीकर जोडले, हिराबाई लावल्या, आणि आम्ही चकित झालो. दोन्ही स्पीकर वाजत होते, ट्वीटरमुळे तारस्वर लख्ख येत होते, पण डग्गा नाहीसा झाला होता आणि गाणाऱ्या बाई नेमक्या कोठे आहेत तेच कळेना. आवाज डोक्याच्या मागून, बाजूने, कोठूनही येई. समोरून तेवढा येत नसे. नवे स्पीकर खराब निघाले असे आम्ही जाहीर करून टाकले.

अण्णा ओसरीवर बसून पाहत होते. त्यांनी हातानेच विचारले, काय झाले. आम्ही त्यांच्या कानाशी जाऊन सांगितले. ते उठले, आत गेले आणि भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढून घेऊन आले.

"प्लेअरकडून तारा सोडव," म्हणाले. आम्ही सोडवल्या. त्यांनी उजव्या दाराच्या स्पीकरच्या शंकूवर तर्जनी अलगद टेकवली, आणि आम्हांला सेलची धन बाजू धन तारेला, ऋण बाजू ऋण तारेला क्षणभर लावायला सांगितले. टक् असा बारीक आवाज झाला.

"बाहेर आला," अण्णा म्हणाले. मग डाव्या दाराशी गेले. पुन्हा टक्.

"हा आत गेला. उलटा जोडलायस."

डाव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल झाली होती. एक शंकू हवा पुढे ढकलत असता दुसरा ती मागे ओढत होता, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकत होते. "व्यतिकरण," अण्णा म्हणाले. "अकरावीला शिकवायचो. तेव्हा तू माझ्याच वर्गात होतास." आम्ही होतो. त्या प्रकरणाच्या वेळी आम्ही बाकाखाली कादंबरी वाचत असू, हे त्यांना ठाऊक आहे की नाही ते आम्ही आजतागायत विचारलेले नाही. तारा सरळ केल्या. बाई एकदम समोर, काचेच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या. सेल पुन्हा घड्याळात गेला. मधली वीसेक मिनिटे मात्र ते घड्याळ मागेच राहिले.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण महामार्गावर ऐंशीचा वेग धरला की सगळे पुन्हा गढूळ होई. डांबराची घरघर, वारा, आणि आवाज वाढवला की खालच्या स्वरांना थरथरणारा काहीतरी भसाडा आवाज. पुन्हा नाना पेठ. त्या फिटरने गाणे लावले, दारावर तळहात दाबून धरला. भसाडेपणा थांबला. "सर, स्पीकर नाही वाजत, दार वाजतंय," तो म्हणाला.

इतक्या वर्षांच्या समीक्षालेखनात आम्हांला इतके नेमके वाक्य लिहिता आलेले नाही. दार म्हणजे पातळ पत्रा. आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके, त्यांवर नुसता प्लास्टिकचा कागद. स्पीकरच्या पाठीमागचा नाद त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या नादाला मारतो, आणि पत्रा स्वतःच वाद्य होऊन बसतो. उपाय म्हणून पत्र्याला आतून अ‍ॅल्युमिनिअमचा मुलामा असलेली रबरी, जड शीट चिकटवायची, भोके बुजवायची. मात्र दाराच्या तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे उघडी ठेवायची, नाहीतर दार कुजते. सामान आणि मजुरी मिळून ३,९०० रुपये. दोन्ही दारे संध्याकाळी मिळाली तेव्हा ती मिटताना होणारा आवाजही बदलला होता. पूर्वी डबा आपटल्यासारखा येई, आता नुसता 'धप्'.

पुढच्या शनिवारी अण्णांना बसवल्यावर आम्ही आधी प्लेअरशी खेळलो. खालचे स्वर कमी केले, तीन हजारांच्या आसपासचे वाढवले, तोल थोडा डावीकडे, त्यांच्या बाजूला सरकवला. गाडी सुरूर फाट्यावरून महामार्गाला लागली. आवाज पूर्वीच्या निम्म्यावर होता. अण्णा मान हलवू लागले. खंबाटकी मागे टाकल्यावर आम्ही, सवयीने न ओरडता, साध्या आवाजात विचारले की गोळ्या घेतल्यात ना. ते म्हणाले, "सहाला. ओरडतोस कशाला?" आम्ही ओरडलो नव्हतो. दाराच्या शीटांनी गाडी काही मूक झालेली नाही; टायरांची घरघर आहेच. पण जी कमी झाली तेवढ्यात आमचे एक वाक्य मावत होते.

मग बऱ्याच वर्षांत बोलले नव्हते तेवढे ते बोलले. आई हिराबाईंची पदे स्वयंपाकघरात म्हणायची आणि अंतऱ्यात हटकून बेसूर व्हायची. तिला तसे सांगितले म्हणून ती दोन वर्षे घरात गायलीच नाही. "सांगायला नको होतं," ते म्हणाले. आम्ही समोर बघत गाडी चालवत होतो. या विषयावर ते कधी बोलतील असे आम्हांला वाटले नव्हते, आणि काय उत्तर द्यावे हे सुचलेही नाही. आम्ही "हं" म्हणालो.

शिरवळच्या पुढे त्यांनी विचारले, "मागे तंबोरा आहे का रे?"

"आहे."

"मला नाही येत ऐकू." त्यांनी डावा हात दारावर ठेवला होता. तळवा सपाट, बोटे पसरलेली, अंगणात शंकूवर टेकवली होती तितक्याच हलक्या हाताने. "पूर्वी हे दार थरथरायचं. हाताला कळायचं काहीतरी. तू तेही बंद केलंस."

आम्ही काही बोललो नाही. कात्रजच्या बोगद्याआधी त्यांनी हात खाली घेतला आणि दाराच्या खालच्या भागातली स्पीकरची जाळी चाचपून पाहिली.

"ही निघते का बघ," म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन बघितले. जाळी वेगळी नाही. दाराच्या आवरणातच ओतलेली आहे. कापावी लागेल. करवतीचे बारीक पाते आणले आहे, आणि दहा हजारांतले बाराशे रुपये अजून शिल्लक आहेत.