घरचं मैदान

घरच्या मैदानावर खेळायचा जोर वेगळाच असतो, असं आपण सहज म्हणतो. पायाखाली ओळखीची माती, काठावरून आपल्या नावाने हाका मारणारी आपली माणसं. १९१२ सालचा कार्लाईलचा फुटबॉल संघ आठवला की हा साधा शब्दप्रयोग मला टोचायला लागतो.

अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या कार्लाईल गावी लष्कराच्या जुन्या बराकी होत्या. तिथे १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलातला इंडियन मारायचा आणि माणूस वाचवायचा, हे त्याचं जाहीर धोरण होतं. मुलं आली की त्यांचे केस कापायचे, अंगावर गणवेश चढवायचा आणि आईची भाषा बंद करायची. पहिल्याच तुकडीत ओटा क्टे नावाचा लकोटा जमातीचा एक मुलगा होता. वर्गातल्या फळ्यावर पांढऱ्या खडूने काही रेघोट्या काढलेल्या होत्या. त्या रेघोट्या म्हणजे नावं आहेत, हे त्याला कुठून कळणार? त्याच्या हातात काठी दिली, त्याने ती एका ठिकाणी टेकवली. टेकवली ते नाव कापडाच्या पट्टीवर लिहून त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवलं. तेव्हापासून तो ल्यूथर झाला. आजचे खेळाडू पाठीवर स्वतःचं नाव मिरवत मैदानात उतरतात, तेव्हा मला हटकून तो सदरा दिसतो.

अशा शाळेतून हा संघ उभा राहिला. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चामडी चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेपावून पाडायचं. थोराड कॉलेजांचे संघ वजनाच्या जोरावर खेळत. कार्लाईलची पोरं त्या मानाने हलकी होती, म्हणून ती वेगावर आणि युक्तीवर खेळली. चेंडू पुढे फेकायला १९०६ साली परवानगी मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ती फेक पेनसिल्वेनिया विद्यापीठावर अशी चालवली की २६-६ ने हरवलं. शाळेने त्यांच्याकडून जे जे काढून घेतलं होतं, त्यातलं काहीतरी या धावण्यात शिल्लक होतं असं मला मनापासून वाटतं.

१९१२ च्या उन्हाळ्यात सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प स्टॉकहोम ऑलिम्पिकमधून पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉनची दोन सुवर्णपदकं घेऊन परतला आणि पुन्हा शाळेच्या संघात उभा राहिला. चौदा सामने झाले. बारा जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक हरले. एकूण गुण ५०४. यातले बहुतेक सामने बाहेरगावी होते. सिराक्यूज, पिट्सबर्ग, जॉर्जटाउन, थेट कॅनडातलं टोरांटो. तिकिटांचा पैसा त्यांच्या पायांवर जमा होत होता, आणि त्या पैशाच्या हिशेबावरून पुढे १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसची चौकशी बसली. चौकशीची मागणी करणाऱ्या पोरांच्या पुढे होता गस वेल्च, ओजिब्वे जमातीचा, याच मोसमातला क्वार्टरबॅक.

नऊ नोव्हेंबरला ते वेस्ट पॉइंटला गेले. समोर लष्करी अकादमीचा संघ, म्हणजे उद्याचे सेनाधिकारी. वुंडेड नी इथे सैन्याने लकोटांची बायकापोरांसकट कत्तल केली, त्याला तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. प्रशिक्षक पॉप वॉर्नरने सामन्याआधी ती आठवण जागी केली, असं सांगतात. मला वाटतं, जागी करायची गरज नसणार. कार्लाईलने २७-६ असा विजय मिळवला. थॉर्पला अडवू पाहणाऱ्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट होता. तो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला, आणि थॉर्पच्या खेळाचं त्याने मोकळ्या मनाने कौतुक केलं.

पुढच्याच आठवड्यात पेनसिल्वेनियाने त्यांना ३४-२६ ने हरवलं. मोसमातली ती एकच हार. नोव्हेंबरच्या अखेरीस ब्राउनला ३२-० ने हरवून थॉर्पने कार्लाईलचा गणवेश उतरवला. त्याने पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचं जानेवारीत छापून आलं. पैसे घेऊन खेळणाऱ्याला तेव्हा ऑलिम्पिक बंद, म्हणून पदकं गेली. निकालपत्रात तो पुन्हा एकटा पहिला आला २०२२ साली. तो १९५३ मध्येच गेला होता. त्याला ओक्लाहोमात, आपल्या माणसांत पुरावं यासाठी त्याचे मुलगे कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते प्रकरण ऐकायलाच नकार दिला. त्याचं नाव घेतलेल्या पेनसिल्वेनियातल्या एका गावात तो अजून आहे. कार्लाईल ज्या राज्यात, त्याच राज्यात.

शाळा १९१८ साली बंद झाली. बराकी पुन्हा लष्कराकडे गेल्या. मैदान अजून आहे, त्याला इंडियन फील्ड म्हणतात. तिथून जवळच पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. त्यांच्याखाली घरापासून शेकडो कोस दूर, आजाराने गेलेली मुलं आहेत. थॉर्प मैदानात उतरण्याच्या कितीतरी आधी गेलेलीसुद्धा. १९२७ मध्ये ही सगळी थडगी जुन्या जागेवरून हलवली, आणि काही दगडांवर ‘अज्ञात’ एवढंच उरलं.

२०१७ साली नॉर्दर्न अरापाहो जमातीचे लोक आपली तीन मुलं न्यायला वायोमिंगहून आले. ही मुलं १८८१ मध्ये इथे आणलेली. लिटल चीफ आणि हॉर्स सापडले. सगळ्यात धाकटा लिटल प्लूम. त्याच्या नावाच्या दगडाखाली खणलं, तर तो तिथे नव्हता, भलत्याच कोणाचे अवशेष निघाले. लोक दोघांना घेऊन परतले. वर्षभराने पुन्हा आले, दुसरं थडगं उघडलं. तिथे तो होता. त्याला घेऊन ते विंड रिव्हरला घरी गेले.