मुतवल्लीचा मोबदला

मुतवल्लीला मोबदला द्यावा असे कोणी म्हटले की आमच्या जमातीत कुजबुज होते, "अल्लाहच्या कामाचे पैसे?" आम्हाला ही कुजबुज पटत नाही. हजरत उमर (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) सल्ल्याने खैबरची आपली जमीन वक्फ केली तेव्हाच अट घातली होती: जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात वाटायची नाही, मात्र जो तिची देखभाल करील त्याने तिच्या उत्पन्नातून रीतीप्रमाणे खावे, संपत्ती जमवू नये. सूरह निसामध्ये अनाथांच्या मालाबाबतही हाच न्याय आहे. सुखवस्तू पालकाने दूर राहावे, गरजूने वाजवी तेवढे घ्यावे.

आमच्या मशिदीची पाच दुकाने आहेत. भाडेवसुली, गळके छप्पर, कोर्टाच्या तारखा हे सारे एक निवृत्त मास्तर फुकट पाहतात. रिक्षाभाडेही त्यांच्याच खिशातून जाते. त्यांच्यानंतर कोण? ज्याचे घर भरलेले आहे तो, किंवा ज्याची नजर दुकानांवर आहे तो. (दुसऱ्या प्रकारचे नमुने आसपास हवे तेवढे.) उघड न ठरवलेला मोबदला मग भाच्याला स्वस्तात दिलेल्या गाळ्यातून वसूल होतो.

म्हणून आम्ही जमातीपुढे मांडले आहे: वक्फ मंडळाला विचारून दरमहा ठरावीक रक्कम बांधावी आणि हिशोबात ती वेगळी दाखवावी. वार्षिक हिशोब मंडळाकडे द्यावाच लागतो. त्याची एक प्रत मशिदीच्या फलकावरही लावावी. मास्तर म्हणतात, "मला नको, माझ्यानंतरच्यासाठी लिहा." बैठक रमजाननंतर आहे.