अंगण कोणाचें?

घराच्या भिंती गवंडी बांधतो. परंतु अंगण हें घरांतील माणसांच्या वावरण्यानें घडत असतें. म्हणून जुन्या परसाची मांडणी बदलावयाची झाली म्हणजे प्रश्न केवळ फरशीचा व फुलझाडांचा राहत नाहीं. तेथें कोण बसणार आणि कोणाची जागा जाणार, हें आधीं ठरवावें लागतें. गतवर्षीं आमच्या घरीं असाच प्रसंग आला.

पुण्यांतील आमच्या घरामागें तीस फूट लांब व वीस फूट रुंद असें परस आहे. त्यांत एक जुना आंबा, एक कढीलिंब, चार केळी आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेलें आजीचें अळू. तेथें आधुनिक पद्धतीची उघडी बैठक करावी, सर्वत्र गुळगुळीत फरशी, बांक व दिवे असावेत, असें वडिलांच्या मनांत आलें. आम्हां भावंडांस ही कल्पना फार आवडली. कारण चार मित्र आले तरी घरांत बसावयास जागा पुरत नसे. आजी मात्र इतकेंच म्हणाली, "एवढं सगळं फरशीनं झाकलंस, तर मी अळू कुठं लावू?" वडील निरुत्तर झाले.

मग आम्ही या विषयाची माहिती मिळवूं लागलों. बाग म्हणजे घराचीच एक उघडी खोली, हा विचार अमेरिकेंत रुजविणाऱ्यांत थॉमस चर्च हे उद्यानरचनाकार प्रमुख होते. कॅलिफोर्नियांतील सोनोमा येथें १९४८ च्या सुमारास त्यांनीं केलेली डॉनेल बाग प्रसिद्ध आहे. तींतील लाकडी चौथऱ्यास मोकळी जागा ठेवून जुने ओक वृक्ष त्यांतूनच वर वाढूं दिलेले आहेत. नव्या पद्धतीच्या धुरीणांनींही आधीं झाडांस जागा दिली आणि मग माणसांस, हें पाहून आम्हांस नवल वाटलें.

दुसरी गोष्ट पाण्याची. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. आमचें परस सुमारें ५६ चौरस मीटरांचें. २५ मिलिमीटरांची एकच सर आली, तरी तेथें १,४०० लिटर पाणी पडतें. सारें परस सिमेंटनें बांधून काढलें, तर हें पाणी मातींत न मुरतां शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे धांवणार आणि आंब्याच्या मुळांस ओल मिळणार नाहीं. हा हिशेब आम्हीं कागदावर मांडून वडिलांपुढें ठेविला. वडील हिशेबी, आंकडे वाचून ते आजीस म्हणाले, "आई, तुझं अळू जिथल्या तिथं राहील."

अखेर घरालगतच्या दहा फुटांतच शहाबादी फरशी वाळूवर बसविली आणि सांध्यांत सिमेंट भरलें नाहीं. दहा फुटांस सव्वा इंच असा घराबाहेरच्या बाजूस उतार दिला. आंब्याची सावली दुपारनंतर पूर्वेस पडते, म्हणून बांक त्याच्या पूर्वेस ठेविले. वडिलांनीं निम्मे दिवे कमी केले, आजीनें दोन केळी दिल्या आणि आमची चेंडू खेळण्याची जागा गेली. ती गेल्याचें आम्हांस अजूनही वाईट वाटतें. परंतु आतां संध्याकाळीं चौघे मित्र, वडील व आजी एकाच जागीं बसतात, हें पूर्वीं कधीं घडत नसे.

ज्यास आज उघडी खोली म्हणतात, ती ओटा, पडवी व अंगण या नांवांनीं आपल्याकडे पूर्वींपासून आहेच. तेव्हां बालवाचकहो, तुमच्या घरीं असा बेत निघाल्यास फरशीचा रंग निवडण्यापूर्वीं सकाळ, दुपार व संध्याकाळ सावली कोठें पडते तें पाहा, पावसाचें पाणी कोठें जातें तें पाहा आणि त्या जागीं रोज वावरणाऱ्या वडील माणसास अवश्य विचारा.