फक्की

कबड्डीचा सामना पंचांच्या शिट्टीने सुरू होतो, असं पाहणाऱ्याला वाटतं. खरं तर तो दोन-तीन तास आधीच सुरू झालेला असतो. कुणीतरी मैदान झाडतं, खडे वेचतं, पाणी मारून धूळ बसवतं. मग खुंट्या ठोकून सुतळी ताणली जाते आणि एक माणूस कमरेत वाकून, मुठीतून फक्की, म्हणजे आखणीची पांढरी पूड, सोडत मागे मागे सरकत जातो. संघ धावत आत येतात तेव्हा तो कडेला उभा राहून हात झटकत असतो. बक्षीस समारंभात त्याला कुणी व्यासपीठावर बोलावत नाही. वरळीत वाढल्यामुळे या माणसाला मी लहानपणापासून जवळून पाहिलं, आणि पुढे त्याच्या हातातली फक्की माझ्याही हातात आली.

आमचं घर बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांची खोली. मजल्यावर अशा वीस, चाळीत ऐंशी. घरात पाहुणा आला की मुलांनी बाहेर जायचं, हे न सांगता ठरलेलं. म्हणून आमचं बालपण गेलं ते जांबोरी मैदानात आणि चाळींमधल्या मोकळ्या जागेत. तिथे मास्तर असायचे. ते शाळेत शिकवत नव्हते, गिरणीत साच्यावर होते; पण पोरांना खेळ शिकवतात म्हणून सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची. पहिली पाळी सुटली की घरी चहा घ्यायचा आणि थेट मैदान गाठायचं, हा त्यांचा नेम.

सुतळीचं टोक धरायचं काम त्यांनी मला दिलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. काटकोन साधायचा कसा, हे मी तिथे शिकलो. एका बाजूवर तीन हात मोजायचे, दुसरीवर चार. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच भरलं की कोपरा खरा. मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर. चढाई करणाऱ्याने दम न सोडता निदानरेषा ओलांडायची असते, त्यामुळे ती वीतभर सरकली तर एखाद्या पोराचा सामना जातो. आमच्या गल्लीतल्या खेळासाठीही मास्तर टेप लावूनच ती रेघ मारायचे.

आखणीला चुना स्वस्त पडे, पण तो ते वापरू देत नसत. मातीवर गुडघे आणि कोपरं सोलवटतातच, आणि सोलवटल्या कातडीला चुना लागला की आगडोंब होतो. म्हणून फक्कीच आणायची, आणि तिच्यासाठी वर्गणी काढायची. माती, चाळलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळून मैदान मऊ करायचं, हेही त्यांचंच. पडणाऱ्या मुलाला जमीन कशी लागेल, याचा विचार ते मूल मैदानात यायच्या आधी करून ठेवणं म्हणजे काय, ते मला फार नंतर कळलं.

आमच्याकडे चाळीचा नंबर सांगितला की ऐकणारा त्यावरून जात ताडायचा. १९७४ च्या जानेवारीत दलित पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली आणि पुढे बरेच दिवस धुमसत राहिली. चाळीचाळींत भिंती उभ्या राहिल्या. वातावरण निवळल्यावर मास्तरांनी मैदान पुन्हा आखलं आणि एकच नियम केला: संघ पाडताना कुणी कुणाला चाळीचा नंबर विचारायचा नाही. कबड्डीत बचाव करताना साखळी धरावी लागते. शेजाऱ्याचा हात घट्ट धरला नाही तर चढाईपटू मधून निसटतो. बौद्धांच्या चाळीतला मुलगा आणि मराठ्यांच्या चाळीतला मुलगा हात धरून उभे राहिले, ते आम्ही त्या मैदानात पाहिलं. त्यासाठी कुठलं भाषण झालं नाही.

मग १९८२ आलं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरची चूल मंदावली. मास्तरांची नोकरी गेली ती गेलीच. पुढे ते भाजीची गाडी लावू लागले. गिरणगावातल्या हाताला काम नसलेल्या तरुण पोरांना टोळ्या हेरत होत्या, तो हा काळ. संध्याकाळ झाली की गाडी बायकोच्या हवाली करून मास्तर मैदानावर हजर. घरी पैशाची एवढी ओढ असताना हा माणूस पोरांमागे का धावतो, असं लोक विचारत. त्यांचं उत्तर साधं होतं: दमलेलं पोर घरी जाऊन झोपतं. आमच्या पिढीतले कितीजण त्या दमण्यामुळे वाचले, याची नोंद कुठल्याही दप्तरात नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून खेळली गेली. तिथवर ती पोहोचली ती शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या संघटकांच्या चिकाटीमुळे. एकेका प्रांतात या खेळाचे नियम वेगळे होते. ते एका सूत्रात आणायला आणि महाराष्ट्रात जिल्हावार संघटना बांधायला अनेकांनी वर्षं घातली. बुवांनी तर सगळं आयुष्यच घातलं. १९७४ मध्ये भारतीय संघ बांगलादेशात खेळला, १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाली आणि भारताने सुवर्ण जिंकलं. १५ जुलै हा बुवांचा जन्मदिवस महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो. बुवांना मास्तरांचं नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण वस्तीवस्तीत मास्तर होते, म्हणूनच बुवांच्या संघटनेला पाय होते.

नोकरी लागल्यावर मीही संध्याकाळी मैदान धरलं. पंचाची परीक्षा दिली, मुलींचा संघ बांधला. त्यांचं मैदान लहान, १२ मीटर बाय ८ मीटर. मुलींपेक्षा त्यांच्या आयांना मैदानापर्यंत आणणं अवघड होतं. पण एकदा एक आई येऊन बसली की तिच्या शेजारच्या दोघी येत. खेळाच्या कोट्यातून पोलिसांत, रेल्वेत, बँकेत नोकऱ्या मिळाल्या, घरं सावरली. ज्यांना काहीच मिळालं नाही, तेही खेळले. माझ्या लेखी त्यांचं खेळणं तेवढंच मोलाचं आहे.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डीचा पहिला सामना आमच्याच वरळीत, एनएससीआयच्या स्टेडियममध्ये झाला. यू मुम्बाने जयपूर पिंक पँथर्सना ४५-३१ असं हरवलं. मॅटवर रेषा आधीच आखलेल्या, झगझगीत दिवे, टीव्हीचे कॅमेरे. ज्या खेळाला गरिबाचा म्हणून बाजूला सारलं, त्याला मान मिळताना पाहून ऊर भरून आला. मास्तर तोवर गेले होते. पण एक गोष्ट तिथे बसूनही लख्ख दिसत होती. मॅटवर उतरलेला प्रत्येक खेळाडू आधी कुठल्यातरी मातीवर पडायला शिकला होता, आणि ती माती कुणीतरी पैसा न घेता चाळून ठेवली होती.

आता पुनर्विकासात चाळी जात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षं दाटीत काढलेल्या लोकांना हे घर मिळायलाच हवं होतं, त्याचा आनंद निखळ आहे. मात्र मूल आता उंच मजल्यावर राहतं, त्याला घरात जागा आहे, हातात मोबाइल आहे. पूर्वी खोलीच त्याला मैदानात ढकलायची. यापुढे त्याला बोलावून आणावं लागेल, आणि बोलावणारं माणूस खाली उभं असावं लागेल.

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. तुमच्या घराजवळ एखादं क्रीडा मंडळ, व्यायामशाळा, कामगार कल्याण केंद्र असेलच. तिथे जा. तुम्हाला खेळता आलंच पाहिजे असं नाही. मैदानावर पाणी मारणारा, गुण लिहिणारा, जखमेला पट्टी बांधणारा, मुलांना सामन्याला नेऊन सुखरूप घरी आणणारा माणूस प्रत्येक मंडळाला हवा असतो आणि बहुतेक ठिकाणी तो कमी पडतो. देणगी द्यायची तर जरूर द्या. पण आठवड्यातली एक संध्याकाळ दिलीत, तर ती मुलांना जास्त काळ पुरेल.